सरळ शेपूट, वाकडं शेपूट

कोलोरॅडोतल्या कोणत्याही मराठी घराचं गराज उघडून पाहा. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खोके, दुसऱ्या कोपऱ्यात कॅरमबोर्ड, वर फळीवर पंचवीस माणसांच्या साबुदाणा खिचडीचं पातेलं, आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या चार-पाच स्की. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो विमानतळाच्या दाराबाहेर, दोन्ही हातांत बॅगा आणि अंगात इथल्या थंडीला अजिबात न पुरणारं जाकीट अशा थाटात. आपली मुलं मात्र पाचव्या-सहाव्या वर्षीच उताराला लागली. 'उताराला लागणं' हे मराठीत काही चांगलं लक्षण नाही. इथे आपण त्यासाठी सिझन पासचे पैसे मोजतो!

स्की घ्यायला दुकानात गेलं की तिथला मुलगा एक प्रश्न हमखास विचारतो : तुम्हाला डिरेक्शनल हवी की प्लेफुल? मला वाटतं, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. म्हणून या वेळी स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर नेहमीचा आयटीचा विषय बाजूला ठेवला आणि हा घेतला.

आधी फरक सांगतो. डिरेक्शनल स्की पुढे जाण्यासाठीच बनवलेली असते. तिचं पुढचं टोक वर वळलेलं, पण मागचं, म्हणजे शेपूट, जवळजवळ सपाट असतं. अनेकदा आत टिटॅनल या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ थर असतात, त्यामुळे ती ताठ असते आणि वेगात थरथरत नाही. बूट अडकवायची जागा स्कीच्या मध्यापासून बरीच मागे, साधारण आठ ते बारा सेंटिमीटर असते. तुम्ही नडगीचा दाब बुटाच्या पुढच्या भागावर द्यायचा, कड बर्फात रुतवायची आणि रेघ ओढल्यासारखं वळण घ्यायचं. प्लेफुल स्कीची दोन्ही टोकं वळलेली असतात. ती मऊ असते आणि बूट मध्याच्या जवळ बसतो. तिच्यावरून उलटं जाता येतं, उडी मारून पाठमोरं उतरता येतं, शेपटावर गिरकी घेता येते. मात्र कडक बर्फावर वेगात गेलात की ती कुरकुरायला लागते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. इथे ते मुद्दाम वाकडं करून वर जास्त पैसे घेतात.

आता प्रश्न असा की यातलं चांगलं कोणतं? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं : तुमच्या स्वभावाप्रमाणे घ्या. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. आपल्याला तर ते फारच ओळखीचं वाटतं, कारण गीतेतल्या स्वधर्माच्या कल्पनेपर्यंत ते सहज नेऊन भिडवता येतं. ज्याचा त्याचा पिंड वेगळा, ज्याची त्याची वाट वेगळी. प्रश्न मिटला.

मला मात्र तो मिटलेला वाटत नाही. माणसाचा स्वभाव येतो कुठून?

माझ्याच पिढीचं पाहा. इंजिनिअरिंग, जीआरई, एमएस, पहिली नोकरी, एच-वन, ग्रीन कार्डाची रांग, घर. या वाटेला एकच टोक होतं आणि ते पुढे वळलेलं होतं. २००८-०९ च्या मंदीत आमच्यातल्या कितीतरी जणांची रात्रीची झोप उडाली होती. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला मिळणारी साठ दिवसांपर्यंतची सवलत २०१७ साली आली. तेव्हा तीही नव्हती. अशा वेळी 'वर्षभर जरा वेगळं काही करून बघू' असं म्हणणारा माणूस आम्हांला खेळकर वाटला नसता, वेडा वाटला असता. आम्ही सरळ रेषेत गेलो. पुढे लोक म्हणू लागले की ही मंडळी स्वभावानेच शिस्तीची, मान खाली घालून काम करणारी. हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो.

पण त्यातला स्वभाव किती आणि पडण्याची किंमत किती? ताज्या पावडरमध्ये पडलं की माणूस हसत उठतो. तोच माणूस बर्फाच्या कडक, तेलकट दिसणाऱ्या पट्ट्यावर आला की गुपचूप सरळ होतो. त्याचा स्वभाव त्या दोनशे फुटांत बदललेला नसतो, खालची जमीन बदललेली असते. म्हणून सरळ जाणाऱ्याला रुक्ष म्हणणं आणि खेळणाऱ्याला उथळ म्हणणं, दोन्हींत एकच चूक आहे. आपण माणूस पाहतो, त्याच्या पायाखालचा बर्फ पाहत नाही.

खेळ मोठा की काम मोठं, हा वाद जुनाच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने खेळाला विश्रांतीची जागा दिली : पुन्हा गंभीर कामाला लागता यावं म्हणून खेळायचं. डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या पुस्तकात बाजू उलटी मांडली. त्याच्या मते कायदा, काव्य, तत्त्वज्ञान अशा संस्कृतीच्या थोर गोष्टी खेळातूनच वर आल्या. आपल्याकडे तर विश्वाच्या निर्मितीलाच लीला म्हटलं गेलं. देवाला काही मिळवायचं राहिलेलं नाही, म्हणून तो खेळतो. ज्याला अजून हप्ते फेडायचे आहेत त्याने काय करावं, हे मात्र आपल्यालाच शोधायचं आहे.

स्कीचा इतिहास या वादात हाउझिंगाच्या बाजूने थोडी साक्ष देतो. हॉवर्ड हेड हा विमानाच्या कारखान्यातला इंजिनिअर. त्याने १९५० च्या सुमारास धातूची स्की बाजारात आणली. तिच्यावर वळणं इतकी सोपी झाली की लोक तिला 'फसवी' म्हणू लागले. १९९३ साली एलान कंपनीची कमरेत बारीक असलेली एससीएक्स आली आणि वळणाची रेघ आणखी रेखीव झाली. ही सगळी दिशेची प्रगती. मग १९९८ साली सॅलोमनची टेन-एटी आली, दोन्ही टोकं वळलेली. ती तरुण पोरांच्या उड्यांसाठी होती. २००२ साली शेन मॅकॉन्की याच्या कल्पनेतून व्होलांटची स्पॅट्युला निघाली. बर्फावरून पाण्यावर तरंगल्यासारखं जावं, म्हणून तिचा आकार चक्क उलटा केला होता. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटावा. पण आज बाजारातल्या बऱ्याचशा गंभीर, डिरेक्शनल स्कींचं पुढचं टोकही त्याच विचाराने आधीपासून उचललेलं असतं. कालचा पोरखेळ आजची शहाणी रीत होते, ती अशी.

मात्र या साक्षीला दुसरी बाजूही आहे. मॅकॉन्की २००९ साली इटलीत डोलोमाइट पर्वतातल्या कड्यावरून स्कीसह उडी घेताना गेला. खेळ म्हणजे स्वस्त गोष्ट, हा समज त्याने खोटा ठरतो. खेळालाही किंमत असते. प्रश्न इतकाच, की ती कोण मोजतो.

हा प्रश्न आमच्या घरात सध्या स्कीपुरता राहिलेला नाही. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला दोन्ही टोकं वळलेली स्की हवी आहे, आणि बारावीनंतर कॉलेजला जाण्याआधी एक वर्षही हवं आहे : डोंगरातल्या गावात राहायचं, लहान मुलांना स्की शिकवायची, आणि आपल्याला काय शिकायचंय ते ठरवायचं. मी काही बोलायच्या आत तिने मला ऐकवलं, "बाबा, तुम्ही डोंगर उतरत नाही, डोंगर संपवता!" बायको हसली. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेली आई म्हणाली, "अरे, पोरगी वर्ष मागतेय, राज्य नाही मागत."

मला राग आला नाही, पण एक प्रश्न मात्र पडला. तिचा बर्फ मऊ आहे, कारण तो मऊ करायला दोन माणसांची वीस वर्षं गेली आहेत. मग त्या मऊ बर्फावर कसं उतरायचं हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? ज्याने किंमत मोजली त्याचा की जो उतरणार आहे त्याचा?

बराच विचार केल्यावर मला वाटतं की यात दोन हक्क एकमेकांत मिसळले जातात. हेल्मेट आई-बापांनी ठरवावं. शेपूट मुलांनी ठरवावं. जिवाला, आरोग्याला, पोटाला धोका होईल तिथे आपण बोलायचं, अगदी ठामपणे बोलायचं. शैलीत बोलायचं नाही. पडण्याची किंमत कमी व्हावी म्हणूनच तर आपण राबलो. ती खरोखर कमी झाल्यावर मुलं तिचा उपयोग करू लागली, म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या, हे म्हणजे झाड लावायचं आणि सावलीत बसणाऱ्याला आळशी म्हणायचं.

पण मुलांच्या बाजूलाही एक हिशेब राहतो. कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सुरक्षा कायद्यात एक साधी गोष्ट आहे : वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. टक्कर टाळण्याची मुख्य जबाबदारी वरच्याची. त्यात तुमची स्की सरळ शेपटाची की वाकड्या, हे कोणी विचारत नाही. वेग आणि वाट आपल्या ताब्यात ठेवायची, बस्स. पाठमोरं उतरायला बंदी नाही. पाठमोरं उतरताना मान वळवून खाली कोण आहे ते पाहायचं.

मला हा नियम नीतिशास्त्राच्या अनेक जाड पुस्तकांइतका मोलाचा वाटतो. चांगलं जगणं सरळ की खेळकर, याचं एक उत्तर नाही. पण तुमच्या जगण्याच्या वाटेत खाली कोण उभं आहे, हे प्रत्येकाला पाहावंच लागतं. खेळणारा माणूस आपल्या खेळाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडत असेल, तर तो खेळ उरत नाही. आणि सरळ रेषेत जाणाराही निर्दोष नसतो. नाकासमोर पाहत सुसाट सुटलेल्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही. करिअरच्या वाटेवर किती आई-वडील, किती वाढदिवस, किती मित्र असे बाजूने निघून जातात, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सरळपणाचं बिलही कोणीतरी भरत असतं. बरेचदा ते तिकडे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फोनची वाट पाहत बसलेलं असतं.

मग दिशा आणि खेळ एकत्र नांदूच शकत नाहीत का? आपल्या महाराष्ट्राला याचं उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आषाढी वारीइतकी दिशा पक्की असलेली दुसरी गोष्ट कोणती? ठिकाण ठरलेलं, तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले. आणि तरी वाटेत रिंगण होतं, घोडा धावतो, फुगड्या रंगतात, साठीची आजी पदर खोचून पोरीबाळींबरोबर गरगर फिरते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं, तेव्हा पंढरपूर अजून कितीतरी मुक्काम दूर असतं. पण 'आधी पोहोचू, मग खेळू' असं तिथे कोणी म्हणत नाही. आणि फुगडीत रमून पंढरीची वाटही कोणी सोडत नाही. तिथला खेळ चालण्याच्या आड येत नाही, कारण तो चालण्याचाच भाग असतो.

आमच्या घरी अजून सगळं ठरलेलं नाही. एक वर्ष द्यायचं, पण राहण्या-खाण्याचा खर्च तिने स्वतःच्या कमाईतून भागवायचा आणि पुढच्या शरद ऋतूतल्या प्रवेशासाठी कॉलेजांचे अर्ज त्याच हिवाळ्यात भरायचे, इथवर बोलणी आली आहेत. म्हणजे मान वळवून खाली पाहायची अट तिला मान्य आहे. उलट अट तिने मलाही घातली आहे : या हिवाळ्यात एक दिवस तिच्यासारखी स्की भाड्याने घेऊन तिच्यामागून उतरायचं. मी कबूल केलं आहे. माझा सरळपणा माझाच आहे की जुन्या बर्फाचा, हे तपासायला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

तेव्हा मंडळी, या मोसमात दुकानातल्या मुलाने तो प्रश्न विचारला, तर लगेच उत्तर देऊ नका. इथल्या बऱ्याच दुकानांत डेमो स्की मिळतात. एकदा ही घ्या, एकदा ती घ्या. आपला बर्फ आता कसा आहे ते पायांनी पाहा. मग जे शेपूट आवडेल ते घरी आणा. मखराच्या खोक्यांशेजारी दोन्हींना जागा आहे.