चिमणराव घ्यावा की न घ्यावा?

आमच्या घराण्यात पुस्तके तीन वाटांनी येत आली आहेत : शाळेतले बक्षीस, मुंजीतला आहेर, आणि वाचनालयाला परत करायचे राहून गेलेले. विकत आणलेले पुस्तक म्हणजे एक पंचांग. तेही आणताना वडील दर वर्षी म्हणत, "गेल्या वर्षीचे काय वाईट होते?" अशा घराण्यातल्या माणसावर सत्तरी गाठल्यावर, भर प्रदर्शनात, हातात जाडजूड पुस्तक धरून "घ्यावे की न घ्यावे" या विवंचनेत उभे राहायची पाळी यावी, याला काय म्हणावे?

निमित्त गुंड्याभाऊंचे झाले. २०२५ सालच्या ऑगस्टात बाळ कर्वे गेल्याची बातमी आली. मुंबई दूरदर्शनवर १९७७ ते १९७९ या काळात चिमणरावांची मालिका चालली; तिच्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बातमी वाचून आमच्या बाकावर हळहळ झाली. पुढे दिवाळीच्या तोंडावर गावातल्या एका मंगल कार्यालयात पुस्तकांचे प्रदर्शन लागले, आणि तिथे चिं. वि. जोश्यांच्या चिमणराव-कथांचा हा खंड माझ्या हाती लागला. मी किंमत पाहिली, पुस्तक सन्मानाने जागेवर ठेवले आणि प्रश्न बाकावर नेला.

बाक म्हणजे स्टेशनरोडवरच्या चहाच्या टपरीपुढचे लाकडी बाक. त्यावर चौघे मावतात आणि आम्ही चौघेच उरलो आहोत. या योगायोगाच्या खोलात मी शिरत नाही. एक मी. दुसरे आप्पा, कापसाचे व्यापारी. भाव काढल्याखेरीज ते कशाकडे पाहत नाहीत. तिसरे गुरुजी, गणिताचे निवृत्त शिक्षक. आणि चौथे नाना. नाना मुंबईत पंचवीस वर्षे नोकरी करून, गिरगावातली खोली सोडून गावी परत आलेले. आल्यापासून त्यांनी दोन गोष्टी नेमाने केल्या : मुंबईच्या हकिकती सांगणे आणि छत्र्या हरवणे. चाळीसगाव-धुळे गाडीत त्यांच्या इतक्या छत्र्या राहिल्या आहेत, की धुळेकरांना पावसाळ्याची वेगळी खरेदी करावी लागत नसावी.

आता यात आमच्या गावाची एक अडचण आहे. चाळीसगाव हे मुंबईपासून रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटरवर. गाड्या इथे थांबतात. पण वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेला कार्यक्रम इथवर पोचतच नसे. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्याला गेले, आणि आमच्या बाजूला यायचे म्हटल्यावर बहुधा कसाऱ्याच्या घाटातच दमले. चिमणराव चालू होता तेव्हा आमच्याकडे टीव्हीच नव्हता. आम्हाला तो कळायचा मुंबईच्या पाहुण्यांकडून, तोंडी. पाहुणा म्हणायचा, "आणि मग चिमणराव असं तोंड करतो," आणि तोंड करायचा. आम्ही हसायचो. पाहुणा आत्याचा जावई असल्याने हसणे भागच होते.

म्हणजे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आमच्यात एकच, नाना. चाळीत एका बिऱ्हाडी टीव्ही. बायका पुढे, पुरुष दारात, मुले ज्याच्या त्याच्या अंगावर. वहिनी पहिल्या रांगेत. आणि नानांचा ठरलेला प्रवेश असा : चिमणराव कचेरीला निघालेत, आभाळ स्वच्छ आहे, आणि काऊ मागून हाक मारते, "अहो, छत्री घेऊन जा. पाऊस नाही आला तर निदान हरवायला तरी होईल!" हे सांगताना नाना काऊही होत आणि चिमणरावही होत. मी ते पन्नासदा ऐकले असेल, आणि पन्नासदा हसलो आहे. त्यांच्या ओसरीवर हा प्रयोग चालू असला की वहिनी आतून म्हणायच्या, "पुरे हो आता!" त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली. अजूनही प्रवेश संपला की नाना क्षणभर आतल्या दाराकडे पाहतात.

तर बाकावर वाद सुरू झाला.

"हासाले पुस्तक कसाले जोयजे, भाऊ?" आप्पा म्हणाले. "पैसा दिसन हासानं?" त्यांनी हिशेब मांडला : एवढ्या पैशात बामणोदची वांगी किती येतील, त्यांचे भरीत किती माणसांना पुरेल, आणि भरीत खाऊन माणूस हसतोच की नाही. हिशेबात चूक नव्हती.

गुरुजींचा मुद्दा निराळा. "मुळात मालिका पाहिलेल्याने पुस्तक घ्यावे का, हा प्रश्नच उलटा आहे. पुस्तक आधीचे." आणि ते खरेच. बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या एका विद्वान माणसाने १९३० च्या दशकात हा भित्रा, सज्जन, फजीत पावणारा कारकून लिहिला. त्यावर १९४० साली 'लग्न पहावे करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट निघाले. त्यांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. गुरुजींचे वडील मरेपर्यंत म्हणत, चिमणराव एकच, दामूअण्णा. नाना म्हणतात, एकच, प्रभावळकर. माझ्या मुलाला विचाराल तर तो म्हणेल, प्रभावळकर म्हणजे आबा! कारण २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तोवर आमच्याकडे केबल आली होती आणि त्याने ती पाहिली होती. तीही प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून. ते पुस्तक मी त्याला वाढदिवसाला द्यायचे म्हणालो, तर तो म्हणाला, "बाबा, पाहिलंय ना सगळं!" जणू पुस्तक म्हणजे उरलेला वरणभात.

गुरुजी एकदा फळ्यापाशी गेले की घंटेशिवाय परतत नाहीत. "आपल्याच तालुक्यात पाटण्याला शिलालेख आहे," ते म्हणाले. "भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या अभ्यासासाठी मठ काढला. भास्कराचार्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथावर भाष्य लिहून ठेवले होते, तरीही! ग्रंथ, त्यावर भाष्य, वर मठ. आणि तुम्ही एका पुस्तकाला अडून बसलात!"

"त्या मठात कोणी हसत होतं का?" आप्पांनी विचारले.

"गणितात हसणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत असे," गुरुजी म्हणाले, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

मी एक कायद्याची पळवाट सुचवून पाहिली. चिं. वि. १९६३ साली गेले. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे तो २०२३ अखेर संपला. आता आपण पैसे देऊनही ते लेखकाच्या घरी पोचतीलच असे नाही; मग द्यावेच कशाला? यावर तिघांनी माझ्याकडे असे पाहिले, की वाचनालयाच्या त्या न परतवलेल्या पुस्तकांचा यांना सुगावा लागला की काय, असे मला वाटले.

पण सर्वांत जोराचा विरोध नानांचा होता, आणि तेच कळत नव्हते. "घेऊ नका," ते पुनःपुन्हा म्हणाले. "प्रभावळकरांचा चेहरा आहे का त्यात? बाळ कर्व्यांचा आवाज आहे? नुसती अक्षरं!" मी म्हणालो, "नाना, आता अक्षरंच उरली आहेत." हेही खरे. त्या काळी टेप महाग. एका कार्यक्रमावर दुसरा घेत. चिमणरावांचे बहुतेक भाग असेच पुसले गेले, फार थोडे उरले. सगळी चाळ ज्याला हसली ते आता कुठे नाही; आहे ते नानांच्या डोक्यात.

घरी परतताना नाना माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पुस्तकात ते छत्रीचं वाक्य नसलं, तर?"

मी गप्प बसलो, कारण माझीही एक भानगड होती. विद्यार्थी असताना चिमणरावांची जी प्रत मला वाचनालयात मिळाली, तिच्यातल्या एका गोष्टीची शेवटची पाने कोणीतरी नेली होती. मी माझ्या पदरचा शेवट जोडला. तोच मित्रांना सांगितला, पुढे मुलांना सांगितला, आणि पन्नास वर्षे चिं. विं.च्या नावावर माझ्याच विनोदाला हसत आलो. आता खरे पुस्तक घरात आले की आम्हा दोघांचेही पितळ उघडे पडणार. तेव्हा मला कळले, की या पुस्तकाची खरी किंमत मागच्या वेष्टनावर छापलेलीच नाही.

त्या रात्री मी बराच विचार केला. (म्हणजे झोप आली नाही.) माणूस बँकेचे पासबुक दर महिन्याला तपासतो, वाण्याची यादी तपासतो, रक्तातली साखर तपासतो. आठवण मात्र तपासत नाही. आणि तिच्यात तर सगळ्यांत जास्त साखर. मग तपासावी का? कोर्टात साक्ष द्यायची असेल तर तपासावीच. पण नानांना कुठे साक्ष द्यायची होती? एका म्हाताऱ्याला एक वाक्य आठवते, त्याने त्याचे दिवस सरतात, कोणाचे काही बिघडत नाही. अशा वेळी सत्याने चप्पल बाहेर काढून दारातच थांबावे, असे मला वाटू लागले. मग वाटले, नानांनी विचारले ते का? ज्याला खात्री असते तो विचारीत नाही. म्हणजे शंका त्यांच्या मनात आलेलीच आहे. ज्या आनंदाला एका पुस्तकाची भीती वाटते, तो आनंद पुरता आपला राहिलेला नसतो; त्यावर पहारा बसवावा लागतो. आणि त्या वयात पहारा करणे प्रकृतीला चांगले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेतले. घराण्यात प्रथमच. पावती मिळाली ती जपून ठेवली आहे, वंशजांना दाखवायला.

बारा दिवस मी ते चोरून वाचले. माझ्या फाटक्या गोष्टीचा खरा शेवट मिळाला. तो माझ्यापेक्षा सरस निघाला. अपमान झाला, आश्चर्य वाटले नाही. मुलीला फोन करून सांगितला, तर ती म्हणाली, "बाबा, तुमचाच बरा होता." मुली बापाशी खोटे बोलतात ते असे, आणि मला ते फार आवडले. छत्रीचे वाक्य मात्र कुठेच नव्हते. दोनदा शोधले.

आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; शस्त्रक्रिया त्यांनी पुढे ढकललेली. वाचून दाखवायचे ते मीच. चिमणराव घराबाहेर पडतो अशी एखादी जागा बघून तिथे ते वाक्य मी सहज घुसडू शकलो असतो. पन्नास वर्षे चिं. विं.च्या गोष्टीला शेवट लावलेला माणूस मी. एक वाक्य काय जड होते? मुलगी माझ्याशी जे बोलली तेच मी नानांशी बोलायचे, एवढेच. मी तसे ठरवूनच त्यांच्या ओसरीवर गेलो.

वाचायला बसलो. नाना आधी कडेकडेने, मग मनापासून हसू लागले. अशी एक जागा आली. मी थांबलो, घसा साफ केला. नाना म्हणाले, "नाही ना?"

त्या दोन शब्दांपुढे माझी सगळी तयारी कोलमडली. "नाही," मी म्हणालो. आणि लगेच घाईघाईने, "पण मालिकेसाठी संवाद वेगळे लिहिले असतील, नाना. त्या पुसलेल्या टेपांत असेल. आता कोण नाही म्हणणार?"

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले, झाले. चारशे पानांसाठी मी या माणसाचे एक वाक्य घालवले. मग ते हळूच म्हणाले, "टेपेत नव्हतं. ती म्हणायची ते. मला. मी निघालो की." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी चिमणराव निघाला, तेव्हा ती पुढच्या रांगेतून म्हणाली असेल. सगळी खोली हसली. मी दारात. मला वाटलं, टीव्हीतनं आलं."

खरे काय ते आता ठरणे शक्य नाही. पुरावा पुसला गेला आहे. पण मी आठवून पाहिले. वहिनी आतून "पुरे हो आता!" म्हणत, तो सूर कंटाळलेल्या माणसाचा नव्हता. आपला विनोद दुसऱ्याच्या नावावर खपतो आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा होता. चाळीस वर्षे त्यांनी तो काऊला उसना दिला आणि एकदाही परत मागितला नाही.

नानांनी चष्मा पुसला, आणि मग ते हसू लागले. तो नेहमीचा प्रयोगातला हसण्याचा आवाज नव्हता.

तेव्हा, ज्या विनोदाला आपण एकदा पोटभर हसलो आहोत त्याचे पुस्तक घ्यावे की न घ्यावे, असे कोणी मला विचारले तर मी घ्या म्हणतो. त्यात काय आहे ते बहुतेक तुम्हाला ठाऊक असते. पण त्यात काय नाही, ते पुस्तक घेतल्याखेरीज कळत नाही. आणि जे त्यात नाही ते कोणाचे होते, याचा शोध मग घरातच लागतो.

पुस्तक त्या दिवसापासून नानांकडे आहे. "राहू दे जरा," म्हणाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करून घेतली. स्वतः वाचायचे आहे म्हणे. मी परत मागणार नाही. आमच्या घराण्याचे वाचनालयाला जे देणे आहे, त्यातले तेवढे फिटले असे मी समजतो. काल बाकावर आप्पा नानांना हळूच विचारत होते, "तुम्हनं वाचीसन व्हयनं का माले द्या." भाव त्यांनी विचारला नाही.