वीर आणि त्याचें चित्र

वीराचें स्मरण करणें हें समाजाचें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्या स्मरणांत आपण कशाची पूजा करितों, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यास तर तो टाळतां येत नाहीं. पवनार येथें १७ ऑक्टोबर १९४० रोजीं विनोबांनीं युद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. आणि याच जिल्ह्यांत पुलगांव येथें लष्कराचें दारूगोळ्याचें मोठें कोठार आहे. अहिंसा आणि शस्त्र या दोहोंच्या शेजारीं राहणाऱ्यानें योद्ध्यापुढें मस्तक कोणत्या भावनेनें नमवावें?

या दृष्टीनें ऑडी मर्फी या अमेरिकन सैनिकाचें चरित्र विचारणीय आहे. २६ जानेवारी १९४५ रोजीं फ्रान्समधील होल्त्झविर गांवाजवळ जर्मनांची चढाई आली, तेव्हां त्यानें आपल्या शिपायांना मागें जंगलांत धाडलें आणि स्वतः एका पेटलेल्या चिलखती गाडीवर चढून सुमारें तासभर मशीनगन चालविली. त्यास अमेरिकेचें सर्वोच्च वीरपदक मिळालें. पुढें तो चित्रपटनट झाला, आणि १९५५ सालीं ‘टु हेल अँड बॅक’ या चित्रपटांत त्यानें स्वतःचीच भूमिका केली.

पडद्यावरचें युद्ध खेळाबरोबर संपतें. मर्फीचें संपलें नव्हतें. तो उशाखालीं भरलेलें पिस्तूल ठेवून निजे. झोपेच्या गोळ्यांचें व्यसन जडलें, तें त्यानें स्वतःस खोलींत कोंडून घेऊन सोडलें. पुढें, युद्धानें ज्यांचीं मनें मोडलीं त्या सैनिकांची काळजी सरकारनें वाहावी, असें तो उघडपणें सांगूं लागला. मनाची जखम दाखविणें दुबळेपणाचें समजलें जाई, त्या काळांत हें बोलणें आमच्या मतें रणांगणावरील धैर्याहून तिळभर उणें नव्हतें.

कोणी म्हणेल, त्यानें माणसें मारलीं त्याचें काय? तें लपवून केलेला सन्मान खोटाच ठरेल. परंतु मारण्याचें सामर्थ्य तोफेलाही असतें, आणि तोफेला कोणी वंदन करीत नाहीं. वंदनीय आहे ती दुसऱ्याच्या वाट्याचा मृत्यु आपल्या अंगावर घेण्याची तयारी. इटलींत सेनिओ नदीकाठीं ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनीं भर गोळीबारांत जखमी सोबत्यांना सुरक्षित स्थळीं पोंचविलें, तेव्हां त्यांच्या ठायीं हीच तयारी होती. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तथापि आज महाराष्ट्रांत कितीजणांच्या तोंडीं त्यांचें नांव आहे? आणि ३१ मे २०१६ च्या पुलगांवच्या आगीशीं झुंजतांना जे जवान व अग्निशामक कर्मचारी मरण पावले, त्यांपैकीं एकाचें तरी नांव आपणांस सांगतां येईल काय?

सत्याग्रहीही हीच तयारी अंगीं बाणवितो, मात्र प्रतिपक्षाच्या प्राणांस न शिवतां. म्हणून आम्ही त्याचें स्थान वरचें मानितों. परंतु या एका धाग्यानें तो योद्ध्याचा भाऊच ठरतो, आणि त्यामुळें आम्हांस वर्ध्यांत राहूनही दोघांना वंदन करण्यांत विसंगति दिसत नाहीं.

मर्फी २८ मे १९७१ रोजीं विमान-अपघातांत निवर्तला. वीरपदकधारकांच्या थडग्यावर सोनेरी अक्षरें कोरण्याचा प्रघात असतां, त्याच्या इच्छेवरून त्याचा दगड साध्या शिपायासारखाच ठेविला आहे. चित्र पाहणारांनीं तो दगडही ध्यानांत ठेवावा. वीराला हार घालणें सोपें आहे. त्याची झोंप उडाली असतां त्याची विचारपूस करणें, हाच त्याचा खरा सन्मान होय.