उन्हाची बेगमी

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, आर्क्टिक वृत्ताच्याही शंभरेक किलोमीटर उत्तरेला, पॉर्क्युपाइन नदीच्या काठी ओल्ड क्रो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम अडीचशे माणसांची, बहुतेक व्हुंटुट ग्विचिन या आदिवासी समाजाची. गावाला बारमाही रस्ता नाही. पीठ, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं विमानानं येतं. डिझेलही विमानानंच येतं आणि बराच काळ त्यावरच इथले दिवे लागत. म्हणजे घरातला दिवा लावण्याआधीच आकाशात इंधन जाळावं लागे.

मे २०१९मध्ये याच लोकांनी हवामान आणीबाणी जाहीर केली. त्यांचं जगणं कॅरिबू हरणांच्या कळपांवर, मासेमारीवर आणि पायाखालच्या गोठलेल्या जमिनीवर उभं आहे. ती जमीनच आता वितळू लागली आहे. हवेत धूर सोडण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्या दारात त्याचे परिणाम आधी पोहोचले. तरीही त्यांनी बोट दाखवून थांबायचं नाही असं ठरवलं. २०२१मध्ये गावात ९४० किलोवॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ९० हजार लिटर डिझेल वाचेल असा अंदाज बांधला गेला, म्हणजे विजेसाठी लागणाऱ्या डिझेलचा जवळजवळ पाव हिस्सा.

इतक्या उत्तरेला सौरऊर्जा कशी, असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनेलला ऊन हवं असतं, उष्मा नव्हे. थंडीत ते अधिक कार्यक्षमतेनं वीज देतं. वसंतात स्वच्छ आकाश असतं आणि बर्फावरून परतणाऱ्या उजेडाचीही भर पडते. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर सूर्य मावळतच नाही, क्षितिजाभोवती फिरत राहतो. म्हणून इथली पॅनेलं पूर्व-पश्चिम मांडली आहेत.

खरी मेख साठवणीत आहे. डिझेल जनित्र अगदी कमी भारावर चालवलं तर इंधन नीट जळत नाही आणि यंत्र खराब होतं. ते बंद करावं, तर एखादा ढग आला की गाव अंधारात. त्यामुळे ऊन भरपूर असूनही जनित्र धडधडतच राहतं. हा पेच बॅटरी सोडवते. ढगाचा तो काळ ती सांभाळून नेते, म्हणून जनित्र निर्धास्तपणे बंद करता येतं.

पण आपला ‘बेगमी’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. वैशाखात वाळवलेल्या कुरडया पावसाळाभर पुरतात. जूनमधली वीज डिसेंबरपर्यंत पुरत नाही. ओल्ड क्रोच्या बॅटरीची क्षमता ६१६ किलोवॉट-तास आहे. सगळी पॅनेलं पूर्ण जोरानं चालली तर ती पाऊण तासाच्या आतच भरेल. ही बेगमी काही तासांची आहे. डिसेंबर अखेरीस सूर्य काही दिवस क्षितिजावर येतच नाही. त्या काळोखात आजही डिझेलच लागतं, आणि हे लपवून सौरऊर्जेचे गोडवे गाण्यात त्या गावाचा मान नाही.

मग या खटाटोपानं साधलं काय? मला वाटतं, प्रकल्पाची मालकी कोणाची, यात त्याचं उत्तर आहे. तो व्हुंटुट ग्विचिन लोकांच्या स्वतःच्या शासनाचा आहे. वीज कंपनीला ते २५ वर्षांच्या करारानं वीज विकतात. पूर्वी डिझेलसाठी गावाबाहेर जाणाऱ्या पैशाचा एक भाग आता गावातच राहतो. पूर्वी तिथले अनेक निर्णय दूरच्या राजधानीत होत. उन्हाचा निर्णय मात्र गावानं घेतला.

स्वावलंबनाची कल्पना आपण फार ताणतो. सगळं आपलं, शंभर टक्के, नाहीतर काहीच नाही. निसर्गाच्या सान्निध्यात राहणारी माणसं असा हट्ट धरत नाहीत. कॅरिबू येतात तेव्हा शिकार करायची, मासे येतात तेव्हा जाळी टाकायची, आणि सूर्य असेल तेव्हा त्याच्यावर विसंबायचं. ऋतू देईल ते घ्यायचं आणि न देईल त्याची तजवीज आधी ठेवायची, ही त्यांची जुनी रीत. पॅनेल आणि बॅटरी त्या रीतीत सामावून गेली आहेत. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी जनित्र थांबतं, त्याची घरघर विरते आणि नदीचा आवाज पुन्हा घरापर्यंत येतो. हिवाळ्यात ते परत सुरू होणार आहे, हे गावाला ठाऊक असतं. म्हणून त्या शांततेचं मोल कमी होत नाही.