आधी कोणी जावे?

धंदा बुडू लागला म्हणजे होडीतून प्रथम कोणास उतरवावे? 'जो बाहेरचा, त्यास' हे उत्तर इतक्या सहजतेने ओठांवर येते की, ते न्याय्य आहे काय, हे तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. आपल्या विमानव्यवसायाने हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणला.

२००३ नंतर स्वस्त तिकिटांच्या विमानकंपन्या निघाल्या. विमाने झपाट्याने आली. परंतु कॅप्टन झपाट्याने घडत नाही. व्यावसायिक परवाना दोनशे तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. कॅप्टनच्या आसनावर बसण्यास त्यापुढे दीर्घ अनुभव लागतो. म्हणून कंपन्यांनी परदेशांतून अनुभवी वैमानिक बोलाविले. शासनाने त्यांना तात्पुरती अनुमती दिली. वेतन चांगले, पण करार मुदतीचा.

मग २००८ साल उजाडले. जुलैत खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले, पाठोपाठ जागतिक मंदी आली. ऑक्टोबरात जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरविले. त्यांपैकी काहींनी राज ठाकरे यांच्याकडे धाव घेतली. लगोलग कंपनीने निर्णय मागे घेतला. त्या काळात, परकीय वैमानिकांना आधी काढा, ही मागणीही जोर धरू लागली. कर्ज काढून शिकलेली आपली मुले परवाना हाती घेऊन घरी बसली होती.

ही मागणी केवळ द्वेषातून आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला दुसरा देश नाही, त्याचा आपल्या देशातील कामावर काही विशेष हक्क असतोच. परंतु विमानाच्या पुढच्या कक्षात आसने दोन असतात. कॅप्टन नसेल, तर शेजारच्या आसनावरील तरुण सहवैमानिकही जमिनीवरच राहतो. परकीयांना कमी करण्यासाठी शासनाने मुदत घातली. ती पुनःपुन्हा वाढवावी लागली, ती याचसाठी. ज्याला आपण आपल्या मुलाचा घास पळविणारा समजत होतो, तो काही अंशी त्या मुलाच्या उड्डाणाचा आधार होता.

वाचकहो, आपल्या शहराने तरी हे विसरू नये. लालबाग-परळच्या गिरण्या चालविल्या त्या बहुतांशी कोकण-घाटावरून आलेल्या माणसांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडू लागले, तेव्हा किती कुटुंबांना पुन्हा गावची वाट धरावी लागली! गिरगाव-धोबीतलावच्या कूडांमध्ये गोव्याचे खलाशी पुढच्या जहाजाची वाट पाहत ट्रंका उशाशी घेऊन राहत. आपल्यांपैकी अनेकांचे आजोबा असे 'बाहेरचे'च होते.

मग न्याय कोणता? करार संपल्यावर तो न वाढविणे हा अन्याय नव्हे. परंतु केलेल्या कामाचे वेतन थकविणे, पुरेशी सूचना न देता घर रिकामे करावयास लावणे, मुलांचे शालेय वर्ष अर्ध्यावर तोडणे, आणि वर त्यालाच संकटाचे कारण ठरविणे, हा अन्याय आहे. तेलाचे भाव त्याने वाढविले नव्हते, की कंपनीची कर्जे त्याने काढली नव्हती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या विश्वपत्रात हेच तत्त्व मांडले आहे: श्रमाच्या हक्कांच्या बाबतीत स्थलांतरित कामगारास इतरांहून कमी लेखता येत नाही.

पुढे १७ एप्रिल २०१९ रोजी जेटच्या शेवटच्या विमानाने उड्डाण केले. त्या दिवशी देशी आणि परदेशी एकाच रांगेत आले. आपले कित्येक वैमानिक मग परदेशी कंपन्यांत गेले. आणि २०२० च्या महामारीत आखाती कंपन्यांनी वैमानिक कमी केले, तेव्हा तेथे बाहेरचे होतो ते आपण.

आपला मुलगा दोह्यात किंवा दुबईत असताना त्याच्या मालकाने त्याच्याशी कसे वागावे, हे प्रत्येक आईला नेमके ठाऊक असते. जे माप आपण आपल्या मुलासाठी मागतो, तेच आपल्या दाराशी आलेल्या परक्याला देणे, एवढाच न्यायाचा अर्थ आहे. सुबत्तेत ते माप वापरणे कठीण नसते. त्याची कसोटी लागते ती शिधा कमी पडू लागल्यावर.