जीर्णोद्धार कोणाचा?

देवालयाच्या जीर्णोद्धाराचा विधी आपणां सर्वांस परिचित आहे. कामास हात लावण्यापूर्वी मूर्तीतील देवतत्त्व मंत्रपूर्वक कलशात आणितात, आणि काम पूर्ण झाले की ते पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करितात. याचा अर्थ उघड आहे. दगड हे निवासस्थान होय, निवासी नव्हे. सोळाव्या शतकात गोमंतकातील दैवते नदीपार अंत्रुज महालात गेली. राउळे मागे राहिली, पण देव टिकला. मग राजसत्तेने बांधलेल्या वास्तूचा जीर्णोद्धार करिताना कलशात काय आणावयाचे? तेथील देव कोण?

हा प्रश्न भेस्तानापासून काही मैलांवर असलेला सुरतेचा किल्ला आपणांस विचारतो. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याने सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंदखानाकरवी तापीकाठी तो बांधविला. १५७३ मध्ये तो अकबराने घेतला, १७५९ मध्ये इंग्रजांनी. १८६२ साली तेथील शिबंदी उठली आणि महसूल व पोलीस खात्यांच्या कचेऱ्या आत आल्या. अलीकडे सुरत महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून तेथे वस्तुसंग्रहालय केले.

रक्षणासाठी उभारलेल्या या वास्तूने रक्षण कोणाचे केले? जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि नगर उघड्यावर राहिले. तट मजबूत होते. दरवाजा मात्र ज्यांच्यासाठी उघडावयास हवा होता त्यांच्यासाठी उघडला नाही. शासनाच्या वास्तूचे खरे जीर्णत्व हेच. भिंतीतील भेगा ही त्याची केवळ बाह्य खूण होय.

कोणी म्हणेल, विजेचे दिवे व नवे जिने आणिल्याने प्राचीनत्व भ्रष्ट होते. मला तसे वाटत नाही. वृद्ध मनुष्यास चढता येईल असा मार्ग केल्याने वास्तूचा अपमान होत नाही. तिला देव मिळतो. खरा दोष दुसराच आहे, आणि तो म्हणजे गिलाव्याखाली इतिहास लपविणे. १६६४ ची ती घटना आपण मराठी माणसे अभिमानाने वाचतो. स्वराज्याचा खजिना त्याने भरला, हे खरे. परंतु लुटल्या गेलेल्या नगराचे दुःखही तितकेच खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच दालनात उच्चारण्याचे धैर्य हवे. नाही तर ते रंगकाम ठरेल, जीर्णोद्धार नव्हे.

आणि शेवटची कसोटी भेस्तानचीच. भेस्तान-पांडेसऱ्याच्या कापड-कारखान्यांत राबणारा, खानदेशातून आलेला कामगार सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन त्या दरवाजातून निःसंकोच आत गेला, तर कलशातील तत्त्व पुन्हा प्रतिष्ठित झाले असे समजावे. तो बाहेरूनच तट पाहून परतला, तर इनायतखान अजून आतच बसला आहे.

हीच कसोटी आपल्या देवळांस लावावयास काय हरकत आहे? संगमरवर बसविण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने हा प्रश्न एकदा स्वतःस विचारावा: आपल्या उंबरठ्याबाहेर अद्याप कोण उभे आहे?