खारा वारा येईपर्यंत

मे महिन्यातली सकाळ सरत आली आहे. एसी चालू आहे, दिवा हिरवा दिसतोय, पण खोली काही गार होत नाही. तीन दिवस हेच चाललंय. नुसती हवा येते, आतून टपटप पाणी गळतं, बाहेरचं यंत्र घरघर करून गप्प बसतं. मेकॅनिक संध्याकाळी येईन म्हणालाय. या दिवसांत वरळी नाक्यापासून कोळीवाड्यापर्यंत सगळ्यांनीच त्याला बोलावलेलं असतं, तेव्हा तो येईपर्यंतचा वेळ आपल्या हाताशी आहे. रिमोट बाजूला ठेवा. एसी मेन स्विचवरून बंद करा. पंखा वाढवा, खिडकी उघडा आणि गादी सोडून खाली लादीवर बसा. घाई नको.

तळवा लादीवर टेकवा. गार लागतंय ना? खरं तर लादी खोलीइतकीच तापलेली आहे. पण ती तुमच्या हातातली उष्णता भराभर ओढून घेते, म्हणून गार वाटते. थोड्या वेळाने तीच जागा कोमट होईल. मग हात वीतभर सरकवा. पुन्हा गार. असं दोन-तीनदा करा आणि एवढंच मनात धरा: गारवा म्हणून वेगळी वस्तू नसते. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, तिलाच आपण गारवा म्हणतो.

एसीही तेच करतो. आतल्या कॉइलमधला गॅस खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमधून ती उष्णता रस्त्यावर सोडून देतो. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यासोबत बाहेर पडते. म्हणजे खोलीतून जेवढी काढली त्याहून जास्त उष्णता खिडकीबाहेर जाते. आता खिडकीतून समोर बघा. शेजारच्या इमारतीचे एसी चालू आहेत आणि त्यांचा गरम झोत आपल्याकडे येतोय. काल आपलाही असाच कुणाकडे तरी जात होता. याचा दोष कुणाला देऊ नका, स्वतःलाही नको. फक्त पाहा.

एसी 'दीड टनाचा' म्हणतात, तो टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ 24 तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी मापाचा, साधारण 907 किलोंचा. आता कोळीवाड्याचा धक्का डोळ्यांसमोर आणा. बर्फाच्या लाद्या, त्या फोडणारे हात, होडीत मासळीवर अंथरलेला चुरा. दिवस-रात्र मिळून असे दीड टन वितळले असते, एवढं काम भिंतीवरची ती पांढरी पेटी करत होती. ती थकली तर राग कशाला यावा?

आता कपाळाकडे लक्ष द्या. घाम ओघळतोय, तो पुसू नका, क्षणभर राहू द्या. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला, तर सात-आठ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता शरीरातून घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. टपकला तर वाया गेला. नागपूरला हवा कोरडी, म्हणून तिथे कूलर चालतो. वरळीत हवाच ओली, तिला आणखी पाणी कुठे घेता येतं? इथे हलती हवाच कामाची. पंख्याचा वारा मानेवर घ्या, ओलं फडकं मनगटांवर ठेवा, पाणी घोट घोट प्या. श्वास आपोआप संथ होईल.

या ओल्या उष्म्याची वरळीला जुनी ओळख आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे. सुतासाठी माणसं त्या वाफेत पाळ्या करत होती. आणि विलिस कॅरिअरने 1902 मध्ये एसीचं पहिलं यंत्र आखलं ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग सरकायचे, म्हणून. एका ठिकाणी सुताची काळजी, दुसऱ्या ठिकाणी कागदाची. माणसाच्या अंगाचा विचार फार उशिरा झाला, याचं मला दर उन्हाळ्यात वाईट वाटतं.

ती माणसं पाळी संपवून ज्या खोल्यांत परतत, त्यांतली एक माझ्या बालपणाची. वरळीच्या 121 बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. 160 चौरस फुटांची खोली, मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. खिडकी एकाच बाजूला. त्यामुळे वारा हवा असेल तर आपलं दार उघडून भागत नसे, समोरच्यांनीही उघडावं लागे. तेव्हाच त्यांच्या खिडकीतला वारा बोळ ओलांडून आपल्या खिडकीने बाहेर पडायचा. दुपारी आई दाराच्या फटीत पायपुसणं अडकवायची, दार आपटू नये म्हणून. ते मळकं, निळ्या काठाचं पायपुसणं आठवलं की मला अजूनही वारा लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये या चाळींतल्या 556 कुटुंबांना 40 मजली इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फार आनंदाची गोष्ट आहे ती, हक्काची. तिथेही दारं समोरासमोर उघडी राहोत.

डोळे मिटा. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. मुंबईत ते बहुधा दुपारच्या सुमारास सुरू होतात. ज्या दिवशी त्यांना उशीर होतो आणि पूर्वेचे वारे रेंगाळतात, त्या दिवशी शहर भाजून निघतं. पडद्याकडे कान द्या. त्याची कडी हलली की समजा, आला.

हाच खारा वारा कॉइलच्या पत्र्याला खातो, बोट लावलं की पांढरी पूड हाताला येते. संध्याकाळी मेकॅनिक 'गॅस भरावा लागेल' म्हणाला तर आधी विचारा, गळती कुठे आहे? गॅस वापराने संपत नाही, कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटलाय. तोवर फिल्टर काढून नळाखाली धरा. धुळीची राखाडी साय निघेल. कित्येकदा निम्मं दुखणं तिथेच असतं.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र त्यांच्याजवळ बसा. अंग तापलंय, शुद्ध हरपतेय, बोलणं भरकटतंय असं दिसलं, तर मनन सोडा. ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला, 108 ला फोन करा.

पडदा हललाय. उठा आता, दार उघडा, त्याच्या फटीत पायपुसणं अडकवा. मग समोरचं दार वाजवून विचारा, आजी बऱ्या आहेत ना, आणि म्हणा की दार थोडा वेळ उघडं ठेवा.