परवडत नाही, पण कुणाला?

आमच्या कर्जत तालुक्यात वाड्यावस्त्या विखुरलेल्या. वस्तीवर रेंज शोधत पोरं गच्चीवर चढली की मला 'लून'चे फुगे आठवतात. गूगलमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. सुमारे 20 किलोमीटर उंचीवरून इंटरनेट द्यायचा. 2020 मध्ये केनियात सेवा सुरू झाली आणि 2021 च्या जानेवारीत प्रकल्पच गुंडाळला. खर्च पुरेसा कमी होईना.

पेच असा, की माणसं दाट असतील तिथं टॉवरच स्वस्त पडतो. विरळ असतील तिथं बिल भरणारेच कमी. म्हणजे ज्यांच्यासाठी फुगा, त्यांच्यामुळेच तो परवडत नाही.

हा हिशेब चूक नाही. पण तो एकेका वस्तीपुरता का मांडायचा? पोस्टकार्ड मुंबईला जावो की राशीनला, 50 पैशांतच जातं. त्यातला तोटा सगळ्यांनी मिळून सोसायचा, हे आपण केव्हाच मान्य केलंय. टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला वाटाही याच विचाराने 'डिजिटल भारत निधी'साठी घेतला जातो.

शहरातल्याच्या रिचार्जमधून आमच्या वस्तीला रेंज का, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. पीकविमा, सातबारा, कॉलेजचे फॉर्म ऑनलाइन झाल्यावर रेंज ही चैन उरत नाही. सक्ती सगळ्यांना केली, तर सोयही सगळ्यांनाच द्यावी लागते.